एका नाकाची सात सोंगं

आता कसं सांगावं! आठवलं की या वयातही कानशिलं तापतात. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

महाराणीच्या अमदानीतली गोष्ट. मुंबईतले खेळ आटोपून एका अमेरिकन नाटक मंडळीनं ठाण्यात तळ्याकाठी तंबू ठोकला होता. मी नुकताच बी. ए. झालेलो. कल्याणचे दादासाहेब नेमके तेव्हाच मला जावई म्हणून पारखायला आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणाले, "चला, नाटक पाहू. तुम्ही अर्थ सांगा."

अहो, इंग्रजी मी वाचलेलं! अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐकलेलं कुठं? पडदा वर गेला आणि एक अक्षर कळेना.

"काय म्हणतोय हो तो डॉक्टर?"

मग पाहिलं, तर मघाच्या पाद्र्याचंच पोपटासारखं नाक या डॉक्टरलाही! पुढं आलेल्या शिपायालाही तेच! झालं, दिलं ठोकून, "दादासाहेब, हा एकच चोर आहे. सोंगं बदलून फिरतोय."

मागं कळव्याची मिठागरवाली मंडळी बसली होती. माझा अर्थ तंबूभर पसरला. नाक दिसलं की आरोळी, "आला रं, चोर आला!" टाळ्या, शिट्ट्या! शेवटी न्यायाधीश आला. त्यालाही तेच नाक. मेलो!

"आता हो?" दादासाहेब.

"चोरानं खऱ्या न्यायाधीशाला कोंडून घातलंय."

लोकांनी तंबू डोक्यावर घेतला!

खेळ संपल्यावर तो नाकवाला नट माझ्याकडेच आला. सावकाश बोलला, म्हणून कळलं. मंडळीत माणसं कमी, तेव्हा सगळी किरकोळ कामं तोच करी. आयुष्यभर शेकडो पाद्री, डॉक्टर, हुजरे केले. कुणी कधी ओळखलं नाही. "आज मी आलो की लोक ओरडत होते! काय म्हणत होते?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "ते म्हणत होते, 'या, थोर नट, या!'"

त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले. बरं केलं की वाईट, अजून ठरत नाही.

"काय म्हणाला?" दादासाहेबांनी विचारलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. स्थळ गेलंच, असं धरून चाललो.

"म्हणजे तुम्हाला एक अक्षर कळलं नव्हतं?"

"नाही."

"तरी नाटकभर बोलत होता? आणि आम्हाला पटत होतं?"

"हो."

"मुलगी दिली! फक्त मास्तरकी करू नका. वकिली करा."

केली. उत्तम चालली, हीच तर मोठी काळजी आहे!