शराफत आपांनी अडवलेली जागा

आमच्या गल्लीत शराफत आपा गालिचे धुतात. डाग मांजराचा की कुत्र्याचा, कालचा की महिन्याचा, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात.

आज दुपारी माझ्या मुलीला, मुहय्योला, मागणी घालायला मुलाची आई येणार होती आणि सकाळीच आमच्या मांजराने गालिच्यावर, दारापासून लांबच्या मानाच्या जागी, मुतून ठेवलं. आपांनी सिरक्याने घासघासून धुतलं, तरी वास काही पुरता जाईना.

"गालिचा फिरव गं. डाग दाराशी येऊ दे. तिथं कोण बसतंय?" आपा म्हणाल्या.

पण पाहुण्या पडल्या विनयशील. "छे, मानाची जागा कशाला? मी आपली इथंच बरी," म्हणत त्या नेमक्या डागावर टेकू लागल्या. अल्लाह! तेवढ्यात आपा तिथं धप्पकन बसल्या.

"ही जागा माझी. तुम्ही वर, मानाच्या जागी बसा."

चहा, पुलाव, सगळं होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"एवढ्या वयाच्या, अन् दाराशी बसतात! अशा शेजारात वाढलेली मुलगी आम्हाला हवीच," म्हणत पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे नान मोडून लग्न पक्कं केलं.

पाहुण्या जाताच मी आपांना मिठी मारायला धावले.

"लांब हो गं! आधी मला धुऊन घेऊ दे."