तिसरी मूठ

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा दारातून उचलला की आपलं काम संपलं. पुरुष जातात, प्रत्येक जण तीन मुठी माती देतो आणि घरी येऊन हात धुतो. कित्येक मयतींना हे असंच होत आलं होतं आणि मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. मग ऐन पावसाळ्यात माझी आठ वर्षांची पोर तापानं गेली आणि आमच्याच दारातून तिला उचललं.

त्यानंतर मी धड जेवले नाही, झोपले नाही. डोळा लागला की वाटायचं, खड्ड्यात पाणी भरलं असेल आणि पोर भिजत असेल. नवऱ्याला विचारायची हिंमत नव्हती. तो गॅरेजमध्ये जायचा, यायचा, तिचं नावही काढायचा नाही. मला जगायचं नाही, हे मी डॉक्टरांना सरळ सांगितलं. त्यांनी यवतमाळला समुपदेशनासाठी पाठवलं.

तिथल्या मॅडम माझ्यापेक्षा लहान. एके दिवशी त्यांनी टेबलावर वाळूचा ट्रे ठेवला. शेल्फवर खेळणी होती, घरं, जनावरं, माणसं. "ताई, जे वाटेल ते मांडा. बोलायची गरज नाही." दिग्रसहून एसटीत हाडं खिळखिळी करून यायचं, ते वाळूत खेळायला! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. रागारागात मी एक बाहुली उचलली आणि वाळूत खड्डा करायला लागले. आपण काय करतोय ते फक्त हातांना माहीत होतं.

खड्डा खोल गेला आणि खाली निळं लागलं. पाणी दाखवायला ट्रेचा तळ निळा रंगवलेला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी किंचाळले. माझ्यासोबत आलेला नवरा बाहेर बाकावर बसला होता, तो धावत आत आला.

"कबरीत पाणी होतं का हो?" मी मॅडमसमोरच विचारलं.

त्यानं ट्रेमधलं निळं पाहिलं. मग म्हणाला, "होतं थोडं. म्या हातानं उपसलं. मंग कोरडी माती आंथरली."

मला 'नाही' ऐकायचं होतं. नुसतं नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

त्यानं तळहातानं वाळू सारून निळं झाकलं. बाहुली मी उताणी ठेवली होती. "अशी नाही ठेवली तिले," तो म्हणाला आणि मॅडमना पश्चिम कोणीकडे ते विचारलं, मयताचं तोंड काब्याच्या दिशेला करतात म्हणून. त्यांनी खिडकी दाखवली. त्यानं बाहुली उजव्या कुशीवर वळवली, तोंड खिडकीकडे केलं, पाठीला वाळूचा टेकू दिला. मग खेळण्यातलं कुंपण उचलून वर आडवं ठेवलं, माती देण्याआधी कबरीवर घालतात त्या फळ्यांसारखं.

"आता दे माती," तो म्हणाला.

एक मूठ दिली. दुसरी दिली. तिसरी सुटेना. ती सुटली की पोर खरंच गेली, मग वाट पाहायलाही काही उरणार नव्हतं.

"सोड आता," तो म्हणाला. "म्याही लय वेळ धरून उभा होतो."

मी सोडली नाही. एसटीत बसले तरी मूठ आवळलेलीच होती. नवऱ्यानं तिकीट काढलं, पाण्याची बाटली उघडून माझ्या तोंडाला लावली. वाळू बोटांच्या फटीतून गळत राहिली, मांडीवर, सीटवर. दिग्रस आलं तेव्हा आत काही उरलं नव्हतं, आणि तरी मला मूठ उघडता येईना.