टायरवरच्या तीन रेघा

युनूसभाईंच्या नंबरवरून मेसेज आला की तो टायरचा फोटो असायचा. कधी नवाकोरा काठ, कधी झिजलेलं रबर इतक्या जवळून टिपलेलं की नांगरलेलं शेत वाटावं, आणि खाली एकच प्रश्न, "काय दिसतं?" पाच आठवड्यांपूर्वी खराडीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचा मेसेज आला, तेव्हा मी तो उघडलासुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत निवांत बघू म्हटलं. उघडला तर फोटो नव्हता. "युनूस सकाळी गेला. दफन संध्याकाळी. आपा." हातात चहाचा कप असतानाच गेले, असं नंतर कळलं. मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं, आणि लिहायला लाज वाटते, पण मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता सांगायचं राहून गेलं...

ते काय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मी मूळचा यवतमाळचा. पुण्यात नोकरीला लागून बारा वर्षं झाली आणि चाळिशीच्या तोंडावर मला मोटरसायकल ट्रॅकवर पळवायचं खूळ लागलं. जुनी स्पोर्ट बाइक घेतली, आरसे-दिवे काढून टाकले आणि टेम्पोत घालून विश्रांतवाडीला युनूसभाईंच्या टायरच्या दुकानात नेली. आळंदी रस्त्यावरचं दोन शटरांचं दुकान, मागे घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, थोरली बहीण जुबेदाआपा सोबत राहायच्या आणि मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या. युनूसभाईंचे वडील मंडईजवळ हातगाड्यांची चाकं दुरुस्त करायचे, त्यामुळे भाजीवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांचं मराठी त्यांनी लहानपणीच ऐकून ठेवलेलं. माझ्या बोलण्यातला 'ळ' ते पहिल्याच दिवशी दुरुस्त करणार होते, पण आपांनी डोळे वटारले म्हणून राहिलं.

मला मागे एकशे साठचा टायर हवा होता. म्हणजे एकशे साठ मिलिमीटर रुंद. कारण विचारलं तर मी खरं तेच सांगितलं, मागून भरदार दिसतो. युनूसभाई गंभीरपणे म्हणाले, "अहो, मागूनच बघायचा असेल तर गाडी मित्राला द्या आणि आपण मागनं रिक्षानं जा." माझा चेहरा पडला असावा, कारण मग त्यांनी आपांची मोजपट्टी आणून रिम मोजून दाखवली. आतून चार इंच. एवढ्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे काठ आत ओढले जातात, आणि घट्ट नाडीवर पोट फुगावं तसा मधला भाग वर येतो. काठाचं रबर वळणात जमिनीला टेकतच नाही. विकत घेतलेली रुंदी मिरवण्यापुरती. तेव्हा एकशे साठ बाद. खरा प्रश्न एकशे चाळीस की दीडशे. कंपनी दीडशे देते, म्हणून मी दीडशेच्या बाजूचा. ते म्हणाले, "तुमच्या हाताला चाळीस बरा. गाडी पटकन वाकेल. पण मी म्हणतो म्हणून नको. चाकाला विचारू."

चाकाला विचारायची त्यांची रीत होती. ट्रॅकवर जायच्या आधी ते आपांच्या डब्यातला शिंप्याचा खडू घ्यायचे आणि मागच्या टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत तीन आडव्या रेघा मारायचे. पळवून परत आणलं की मधला खडू गेलेला असायचा. काठाला जेवढा उरला, तेवढा टायर तुम्ही वापरलेलाच नाही. मग ते बोटं लावून मोजायचे. एक बोट, दोन बोटं. जास्त उरला म्हणून कधी हसले नाहीत. त्यांना फक्त कळून घ्यायचं असायचं. कुठल्या वळणावर भीती वाटली, ब्रेक कुठे सोडला, मान कुठे वळली होती... मी एकदा "छान वाटलं" म्हणालो तर म्हणाले, "छान हे जेवणाबद्दल सांगायचं. टायरबद्दल बोला." सत्तरीला टेकलेला माणूस, स्वतः कधी ट्रॅकवर गाडी चालवली नव्हती, आणि आमच्यासारख्यांच्या तोंडून एकेक वळण काढून घ्यायचा. या चौकसपणाचं मला फार आकर्षण वाटायचं. ऑफिसात दिवसभर सगळ्यांना उत्तरं ठाऊक असतात, त्यामुळे असेल.

आमची पैज अशी ठरली. त्यांनी त्याच मापाची आणखी एक रिम कुठून तरी पैदा केली. आधी दीडशे पळवायचा, मग चाळीस, आणि दोन्हींचा खडू बघून ठरवायचं. दीडशे घेऊन मी शहराबाहेरच्या ट्रॅकवर गेलो. पहिल्या फेरीनंतर गाडी उभी केली आणि वाकून पाहिलं तर काठाला तब्बल तीन-तीन बोटं खडू. शेजारच्या मुलांच्या टायरवर रबर पार काठापर्यंत खरवडलेलं. माझी मलाच इतकी शरम वाटली की मी ओलं फडकं घेतलं आणि काठावरचा खडू पुसून टाकला. नीट, बोटभर तेवढा सोडून. दुसऱ्या दिवशी गाडी दुकानात. युनूसभाई उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघत राहिले. अंगठ्याचं नख टायरच्या एका खाचेतून फिरवलं. मग उठून म्हणाले, "जिंकलात, यवतमाळकर. एकच बोट उरलंय, म्हणजे दीडशेच." दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, त्यालाही म्हणाले, "हे बघा, ह्यांनी आज मला शिकवलं."

ते ऐकून मी हसलो. तिथेच सांगायला हवं होतं. घरी येताना ठरवलं, पुढच्या शनिवारी सांगू. पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचा आला. खडू पुसला, हे सांगण्यात काय मोठं, पण जिभेवर येऊन परत जायचं. मधे त्यांनी दोनदा विचारलं, "चाळीस करून बघायचा का, गंमत म्हणून?" मी म्हणालो, कशाला, ठरलंय की. महिना गेला, आणि मग तो मेसेज आला.

दहा-बारा दिवसांनी आपांनी बोलावून घेतलं. दुकान बंद होतं, मी मागच्या दाराने गेलो. भिंतीला एक चाक टेकून ठेवलेलं, त्यावर एकशे चाळीसचा नवा टायर आणि खडूच्या तीन रेघा. "तुमचं आहे, घेऊन जा," आपा म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे सगळं सांगून टाकलं, फडक्यासकट. आपा शिवणाचं मशीन न थांबवता म्हणाल्या, "ठाऊक होतं त्याला. गाडी पळवली की वरवरचा खडू जातो, खाचेतला राहतो. तुम्ही खाचासुद्धा धुतल्या होत्या. त्याच दिवशी जेवताना मला म्हणाला."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, टायरनं सांगायचं होतं ते सांगितलं, आता माणसाची पाळी. चाक मात्र तयार करून ठेवलं. येतील म्हणाला."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझी वाट बघत होते आणि मी 'ठरलंय की' म्हणत होतो, याचं दुःख मला आजही आहे.

चाक घरी आणून तीन आठवडे तसंच ठेवलं. रेघा त्यांच्या हातच्या होत्या. मधली जरा वाकडी, त्यांचा गुडघा दुखायचा तेव्हा ती तशी यायची. पळवलं की पुसल्या जाणार. पण न पळवता ठेवल्या असत्या तर युनूसभाईंनी मला दुकानातून हाकललं असतं. गेल्या रविवारी गेलो. गाडी खरंच पटकन वाकली, त्यांनी सांगितल्यासारखी. पहिल्या डाव्या वळणात मी नकळत हेल्मेटच्या आत "अहो!" म्हणालो. ट्रॅकवर फडकं नेलंच नव्हतं. संध्याकाळी गाडी टेम्पोतून तशीच विश्रांतवाडीला नेली.

आपा चपला घालून बाहेर आल्या. गाडीपाशी वाकल्या, भावासारखंच नख खाचेतून फिरवलं. खाचांमध्ये खडू होता. मग बोटं लावली.

"डावीकडे एक. उजवीकडे दोन," त्या म्हणाल्या. "उजवीकडे जास्त का हो?"

"माहीत नाही, आपा."

त्यांनी कनवटीचा खडू काढून माझ्या हातात दिला. "मग मारा परत रेघा."