काहूनमधला ह

शिवणकाम मी उसवून उसवून शिकले आणि कम्प्युटरही तसाच. मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा, एक्सेलमध्ये तसं करायचं, चुकलं की पुसायचं. साठी उलटल्यावर चक्क एक प्रोग्राम लिहिला हो मी, अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीसाठी. ती लग्नाचे गरारे शिवते, गुडघ्याखाली मोठा घेर असलेले पायजमे. मापं भरली की कापडावर कोणता तुकडा कुठं बसवायचा ते प्रोग्राम दाखवायचा. चिंध्या कमी निघायच्या. दुकानात येणारं-जाणारं कोणीही बटणं दाबायचं, म्हणून आतल्या कोडला आम्ही पासवर्ड लावून टाकला.

यंदा तिच्या नातीचं लग्न ठरलं आणि सासूनं दिलेलं जरीचं कापड तिनं पेटीतून काढलं. जुन्या विणीचं, पन्हा अगदी अरुंद, आणि चुकलं तर दुसरं मिळणार नाही. प्रोग्रामात मी पन्हा हल्लीच्या कापडाचा पक्का लिहून ठेवलेला. तो बदलायला कोड उघडायला हवा, आणि तो काही उघडेना.

मी अमरावतीहून फोन केला. "अवं, शब्द आठवते मले. कावून. पण घेऊन नाही राहिला."

"मंग तुलेच आठवत नसन."

कसं आठवणार नाही? ईदची गोष्ट. तिनं माझ्या दोन्ही हातांना मेंदी लावलेली, म्हणून कीबोर्डवर तीच बसली होती. मी म्हटलं, आता कुलूप लावू. ती म्हणाली, काऊन लावतं? काऊन म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'का'. मी म्हटलं, तोच शब्द टाक. पडद्यावर नुसते ठिपके उमटले.

मी 'व' घालून पाहिला, 'व' काढून पाहिला, इंग्रजी अक्षरं मोठी केली, लहान केली. भाचा म्हणाला, मावशी, सोड, नवीन लिही. नवीन लिहायचं म्हणजे घेराच्या सगळ्या कळ्यांचे तिरके तुकडे परत जुळवायचे, आणि लग्न तोंडावर आलेलं. शेवटी लॅपटॉप पिशवीत घातला आणि अकोल्याची एसटी धरली.

तिनं चहा पुढं केला आणि म्हणाली, "सरक तिकडं. मीच टाकला होता नं, मीच टाकतो."

तिनं एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि कोड उघडला. मी पाहतच राहिले.

"काय टाकलं वं?"

"काहून."

"ह कुठून आला त्याच्यात?"

"शब्दातच असते. लिवताना लिवा लागते. तुमचे अमरावतीवाले खाऊन टाकतात त्याले."

"अन् बोलताना तू काय म्हणतं?"

"काऊन," ती म्हणाली, आणि आपलं आपल्यालाच ऐकू येऊन अशी हसली की चहा बशीत सांडला. मीही हसले. बाहेर वाट पाहणारं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं.

मग मी पन्ह्याचा आकडा बदलला. गरारा कापडात बसला. कुडताही बसला. एका बाहीला तेवढा जोड द्यावा लागणार होता. मी जरा हिरमुसले.

"बांगड्यायनं झाकून जाईन," ती म्हणाली. "नवरी हात वर करून थोडीच फिरते."

तिनं कापड कटिंगच्या पाटावर पसरलं. खडूनं खुणा केल्या, पडद्याकडे पाहिलं, परत केल्या. मी एक टोक घट्ट धरून बसले. तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि कात्री घातली.