चादरीचं दुसरं टोक

माझी आत्या भित्री. हे मी लाडाने म्हणत नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी ती प्रार्थना करायची, दाराची कडी तीनदा बघायची, आणि डॉक्टरांसमोर खोकला आला तर त्यांचीच माफी मागायची. अशा बाईने आयुष्यात एकदाच कुणाला तरी तोंडावर नाही म्हटलं.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती एकोणीस वर्षं कामाला होती. धुतलेल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सोडायच्या, हे तिचं काम. एकटीने होत नाही ते. एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने, आणि दोघींनी एकाच वेळी चादर पुढे सरकवायची. रोलरपुढे एक लोखंडी दांडी असते; बोट तिला लागलं की मशीन बंद. पण चादर जरा गोळा झाली तरी मशीन थांबायचं आणि वॉर्डांतून फोनवर फोन यायचे. म्हणून सुपरवायझरने दांडीच काढून टाकली. काम झपाझप उरकू लागलं. दोन महिने सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी ब्र काढला नाही. आत्यानेही नाही.

मग एका दुपारी दुसऱ्या टोकाच्या मुलीचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. तेवीस वर्षांची होती ती. वर्षभरापूर्वी लग्न झालेलं.

चौकशीला सरकारी अधिकारी येणार होता. सुपरवायझरने कागद तयार ठेवला: दांडी त्या मुलीनेच काढली होती. दहा जणींनी सह्या केल्या, आत्या राहिली. हा सुपरवायझर आमच्याच चर्चच्या मंडळीचा पंच. रविवारी शास्त्रवाचन करायचा, आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारेही दचकून उठायचे. तो आमच्या घरी आला.

"बाई, पेन्शनला सात महिने राहिलेत तुमचे. एका सहीचा तर प्रश्न आहे."

आत्याने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"साहेब, दोन महिने बघत होते मी. तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले. आता वर खोटं लिहून देऊ? रविवारी याच तोंडाने आमेन म्हणायचं असतं मला."

तो गेल्यावर तिला उलटी झाली. तिची पाठ चोळत मी म्हणालो, "कशाला नसती आफत ओढवून घेतेस? सही कर आणि मोकळी हो." हे मीच म्हणालो, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

चौकशीच्या दिवशी जिन्यात उभं राहून तिने प्रार्थना केली. धैर्य मागितलं नाही म्हणे. पाय तेवढे उभे राहू देत, इतकंच. आत जाऊन तिने खरं ते सांगितलं. रडत रडत, पण सांगितलं. पंधरा दिवसांत कामचुकारपणाचा ठपका ठेवून तिला घरी बसवलं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. पाळकसाहेब भेटायला आले, "क्षमा करायला शिकलं पाहिजे, बाई" म्हणाले आणि चहाही न घेता उठले. कुणी कुणाला क्षमा करायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तरी ती दर रविवारी जायचीच. निघण्याआधी चपला घालून दारातच बसून राहायची.

"नको ना जाऊस," मी म्हणायचो.

"देवाला भेटायला जाते मी. बाकीचे तिथे असतात, त्याला मी काय करू?"

आता तिची सगळी भिस्त त्या मुलीच्या जबाबावर होती; तो अजून घ्यायचा राहिला होता. ती खरं बोलली असती तर आत्याला कामावर परत घ्यावं लागलं असतं.

महिन्याभराने ती मुलगी स्वतःच आली. उजव्या हाताला पांढरं बँडेज, मनगटाशीच संपणारं. केसांचा नुसता गुंता. उंबऱ्यातच उभी राहिली.

"मावशी, मी लिहून दिलं. दांडी मीच काढली म्हणून. आमच्या ह्यांना तिथे वॉचमन म्हणून घेताहेत. मी आता कसलं काम करणार?"

मला असा संताप आला की मी ताडकन उठलो. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकोणीस वर्षं पाण्यात गेली होती, आणि वर खोटारडीही तीच ठरणार होती. तिने त्या मुलीच्या केसांकडे पाहिलं. मग आत जाऊन कंगवा घेऊन आली.

"बस इथे. किती दिवस विंचरले नाहीस?"

"एका हाताने जमत नाही."

आत्याने तिला पुढ्यात बसवलं आणि एकेक बट सोडवायला घेतली. मुलगी हुंदके देत होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मावशी, रागावलात माझ्यावर?"

"हो," आत्या म्हणाली. "खूप. मान सरळ ठेव."