वाकड्या मानेची दुर्बीण

छाया जेजूरकरचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिला ओळखणारा जो तो सांगायचा. तो तिथं कशानं येऊन बसला, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

मखमलाबादच्या पुंजारामांची ती थोरली. घरची फुलशेती. सकाळी गुलाबाच्या जुड्या बांधायच्या, दहाला शाळेत नोकरीवर जाऊन प्रयोगशाळेतल्या काचनळ्या धुवायच्या, आणि संध्याकाळी सायकल दामटत गावाबाहेरच्या रायफल क्लबवर जाऊन पोटावर पालथं पडायचं, असा तिचा दिवस. एनसीसीत असताना रायफल हातात आली ती सुटली नाही. नेमबाजी म्हटलं की लोकांना छाती काढून उभा राहिलेला माणूस दिसतो. छायाचा प्रकार झोपून मारायचा होता. पन्नास मीटरवर कागद, त्यावर तळहाताएवढं काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध शर्टाच्या गुंडीएवढा दहाचा ठिपका, आणि साठ गोळ्या. डावं कोपर एकदा सतरंजीवर रोवलं की साठावी गोळी सुटेपर्यंत ते हलता कामा नये. कोपर हललं की सगळी मांडणी पहिल्यापासून.

तिला एकदा, फक्त एकदा, राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं होतं. त्यासाठी राज्य स्पर्धेत ठराविक गुण लागत, आणि ते तिच्या आवाक्यातले होते. अडचण एकच होती. गोळीचं भोक तुरीच्या दाण्याएवढं, तेही काळ्यावर काळं. पन्नास मीटरवरून ते नुसत्या डोळ्याला काय दिसणार? सरावाला दहा गोळ्या झाल्या की उठून कागदापर्यंत चालत जाता येतं, स्पर्धेत ते चालत नाही. तिथं प्रत्येकाच्या शेजारी एक दुर्बीण असते. गोळी झाडायची, मान जराशी वळवून दुर्बिणीत बघायचं, वाऱ्यानं नेली असेल तर रायफलीवरचा स्क्रू फिरवून घ्यायचा. छायाजवळ ती नव्हती. दोन वर्षं ती आंधळ्यासारखी गोळ्या मारून घरी परतली होती.

१९९६ साली क्लबला एक देणगी मिळाली आणि दुर्बीण घ्यायचं ठरलं. क्लबचे अध्यक्ष जीवनराव बस्ते, म्हणजे सगळ्यांचे अण्णा. द्राक्षबागायतदार, दिलदार माणूस. स्वतः आयुष्यात रायफल फक्त फोटोपुरती धरलेली. सेक्रेटरी महेश कोठावदेनं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दोन दुर्बिणी पसंतीला म्हणून आणल्या, आणि एका रविवारी इंदिरानगरात अण्णांच्या बंगल्याच्या गच्चीवर कमिटी जमली. छायालाही बोलावणं होतं. चहा आणायला नव्हे, एवढं समाधान.

एक दुर्बीण हातभर लांब, सरळसोट, चकचकीत, साठ पट मोठं दाखवणारी. तिची तीन पायांची तिकाटणी एवढी उंच की उभ्या माणसाला जरा वाकलं की झालं. दुसरी आखूड, काळी, पंचवीस पटीची, आणि जिथं डोळा लावायचा तो भाग वर वळलेला. तिचं स्टँड वीतभर उंचीचं.

‘हिची मान का मोडली?’ अण्णा म्हणाले, आणि कमिटी हसली.

मग एकेकानं लांब दुर्बिणीला डोळा लावला. गच्चीवरून डोंगरातली पांडवलेणी समोरच. अण्णांना पायऱ्या दिसल्या. महेशला पायऱ्यांवरची माणसं दिसली. खजिनदारांना तर एका बाईच्या हातातली चिवड्याची पुडी दिसली. वाहवा वाहवा झाली. छोट्या दुर्बिणीतून नुसते डोंगर नि पायऱ्या दिसल्या, म्हणजे विषयच संपला.

‘अण्णा,’ छाया म्हणाली, ‘आपल्याला पांडवलेणी बघायची नाही. पन्नास मीटरवरचा कागद बघायचाय, तोही जमिनीवर पालथं पडून. ही वाकड्या मानेची आहे ती त्याचसाठी. शेजारी ठेवली की डोळ्याशी येते. ती लांबडी माझ्या डोक्याच्या वर राहील.’

‘अगं, जास्त लांबचं दिसतं त्यातून जवळचं दिसणार नाही का?’

‘दिसेल, पण उठून बसावं लागेल. एकदा खाली आडवं पडून बघा ना.’

‘झोपून काय चांदण्या मोजायच्यात?’ महेश म्हणाला. त्याची पँट पांढरी होती, कडक इस्त्रीची.

‘मग मी दाखवते,’ म्हणत छायानं ओढणी खोचली आणि एक गुडघा टेकला. तसे सहा पुरुष इकडं तिकडं बघायला लागले. खजिनदार खाकरले. ‘अगं अगं, राहू दे,’ अण्णा गडबडीनं म्हणाले, ‘चारचौघांत असं बरं दिसत नाही. आम्हाला समजलं तुझं म्हणणं.’

छाया उठली. गुडघ्याची धूळ झटकली. आयुष्यात तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग कधी आला असेल, तर त्या उठण्याचा. मैदानावर रोज पालथी पडणारी बाई गच्चीवर लाजली, आणि तेवढ्यात ठराव पास झाला.

‘क्लबची वस्तू आहे, सरळ असावी,’ अण्णा म्हणाले. ‘वाकडी कशाला?’

उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ते असं. इथं तर गच्चीवरून.

खंडेनवमीला क्लबमध्ये शस्त्रपूजा झाली. झेंडू पुंजारामांच्याच शेतातला. रायफलींच्या शेजारी लांबडी दुर्बीण पाटावर निजवली होती. अण्णांनी हळद-कुंकवाचं बोट टेकवलं ते नेमकं तिच्या पुढच्या काचेवर. सगळ्यांनी हात जोडले. छायानं पण जोडले, आणि प्रसाद वाटून झाल्यावर अर्धा तास फुंकर मारमारून ओढणीच्या टोकानं ती काच पुसली. कडेला लाल झाक राहिली ती राहिलीच.

सरावाला पहिल्याच दिवशी व्हायचं ते झालं. तिकाटणीचे पाय सगळे आत ढकलले तरी दुर्बीण गुडघ्याच्या वरच. बघायचं तर कोपर उचला, अर्धं उठा, बघा, पुन्हा झोपा, पुन्हा सगळी मांडणी करा. शेवटी तिनं आईला आणलं. मालनबाई बाजारातून फुलं विकून येताना मैदानावर थांबायची, पाटी खाली ठेवून दुर्बिणीला डोळा लावायची नि सांगायची, ‘लय खाली गेली गं. आता डावीकडं. आता हाय बघ मधोमध!’ पंधरा दिवसांत मालनबाई एवढी तयार झाली की नऊ नि दहातला फरक तिला लांबूनच कळायचा. आणि छायाचे गुण पाहिजे त्याच्या वर जाऊ लागले. एकदा पाच, एकदा सात वर. राज्य स्पर्धा त्या वर्षी पुण्याला होती.

‘मग तिथं पुण्याला पन मीच येते की,’ मालनबाई म्हणाली.

‘तिथं मागून कुणी बोललं तर बाद करतात, आई.’

‘मंग ही दुर्बीण काय नुस्ती मिरवायला हाय?’

सातवी शिकलेल्या बाईला जे एका वाक्यात उमगलं, ते कमिटीला पाठपोट कागद लिहून दिला तरी उमगलं नाही. छायानं खरंच अर्ज दिला होता, दुर्बीण बदलून मिळावी म्हणून. महेशनं तो फायलीला लावला. पूजा झालेली वस्तू परत कशी पाठवणार, असं त्याचं म्हणणं.

पुण्याला तिला सहा नंबरची जागा मिळाली. ऊन तापलेलं. साठ पटीच्या काचेत उन्हाची वाफ अशी थरथरायची, की काळं वर्तुळ तव्यावरच्या पाण्यासारखं नाचायचं. शिवाय त्या गोल खिडकीत एका वेळी एकच कागद मावायचा, आणि कागदावर लावलेला नंबर खिडकीच्या बाहेर राहायचा. तरी पहिल्या तीस गोळ्या उत्तम गेल्या. ती फार उठलीच नाही. देवाचं नाव घेऊन मारत राहिली.

मग जरा वारा सुटला, आणि बघावं म्हणून ती अर्धी उठली. उठताना कोपर तिकाटणीच्या पायाला लागलं. तिनं डोळा लावला. गोळ्या सगळ्या खाली डावीकडं जमलेल्या. तिच्या हातून असं कधी होत नसे, पण वारा होता, वाऱ्यानं नेल्या असतील. तिनं स्क्रू फिरवला. पुन्हा झोपली, पुन्हा कोपर रोवलं, सहा गोळ्या मारल्या. पुन्हा उठून बघितलं. गोळ्या अजून तिथंच, खाली डावीकडं!  ती तशीच डोळा लावून बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत कागदावर एक नवं भोक पडलं.

तिनं गोळी झाडलीच नव्हती.

कोपराच्या धक्क्यानं दुर्बीण सरकली होती, कागद सातव्या नंबरचा होता. शेजारणीच्या गोळ्या बघून छायानं स्वतःची चांगली चाललेली रायफल बिघडवली होती. तिच्या सहा गोळ्या वर उजवीकडं आठात नि नवात जाऊन बसल्या होत्या. तिनं स्क्रू परत फिरवला, राहिलेल्या गोळ्या दात-ओठ खात मारल्या. पात्रता हुकली दोन गुणांनी.

परत आल्यावर अण्णांनी मोठ्या मनानं समजूत घातली. ‘एवढी भारी दुर्बीण दिली, तरी दोनच गुण राहिले बघ. पुढच्या वर्षी एकाग्रता वाढव.’ छायाला वाटलं, हातातला चहाचा कप त्या माणसाच्या सफारीवर ओतावा. तिनं तो पिऊन टाकला.

पुढचं वर्ष पुढचंच राहिलं. आधी काडतुसं मिळेनात. मग पुंजाराम अंथरुणाला खिळले आणि मळा तिच्या गळ्यात आला. ते गेले तेव्हा तिचं वय छत्तीस आणि डोळ्यांना चष्मा. लांबडी दुर्बीण केव्हाच अण्णांच्या गच्चीवर मुक्कामाला गेली होती. बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांना पांडवलेणी दाखवायच्या कामी ती खरोखर उत्तम होती.

छाया मात्र क्लबवर जात राहिली, मुलींना शिकवायला. त्यांतली तृप्ती गांगुर्डे ही पेठ तालुक्याकडची, वसतिगृहात राहून शिकणारी. अंग कमी, बोलणं त्याहून कमी, पण कोपर रोवलं की दगड. २००४ साली तृप्ती राज्य स्पर्धेला निघाली आणि क्लबनं पुन्हा दुर्बीण घ्यायचं ठरवलं. पुन्हा रविवार, पुन्हा अण्णांची गच्ची, पुन्हा दोन दुर्बिणी. महेशचं पोट सुटलं होतं, अण्णा पासष्टीला आले होते. छायाबरोबर या वेळी तृप्ती होती. बाकी काही बदललं नव्हतं. महेशनं लांबडी नवी दुर्बीण उचलून पांडवलेणीकडं रोखली.

‘ती खाली ठेवा,’ छाया म्हणाली.

तिनं पिशवीतून सरावाची सतरंजी काढली, गच्चीवर अंथरली, साडीचा पदर खोचला आणि कुणी काही म्हणायच्या आत पालथी पडली. कोपर रोवलं. खजिनदार खाकरले. तिनं त्यांना खाकरू दिलं. मग ती उठली आणि सतरंजीकडं बोट दाखवलं.

‘आता तुम्ही, अण्णा.’

‘अगं, माझे गुडघे…’

‘तृप्ती धरेल तुम्हाला.’

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, अण्णा खरंच खाली बसले, मग आडवे झाले, मग कण्हत पालथे झाले. छायानं त्यांचं डावं कोपर सतरंजीवर रोवलं आणि शेजारी लांबडी दुर्बीण मांडली. ‘हे कोपर हलवायचं नाही. बघा आता.’

अण्णांनी मान वर केली. पोचेना. आणखी वर केली. कोपर सटकलं. पुन्हा रोवून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग छायानं लांबडी उचलली आणि वीतभर स्टँडवरची वाकड्या मानेची तिथं ठेवली. अण्णांनी मान नुसती कलती केली. तृप्ती एव्हाना गच्चीच्या टोकाला जाऊन हातात कागद धरून उभी होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

‘असं आहे होय!’ ते हळूच म्हणाले. आणि मग, अगदी मनापासून, ‘मग तेव्हाच का नाही बोललीस, छाया?’

आठ वर्षं ती या प्रश्नाला द्यायची उत्तरं पाठ करत आली होती. मळ्यात खुरपताना, काचनळ्या धुताना, सायकलवर. त्यातलं एकही आता तोंडावर आलं नाही.

‘बोलले होते, अण्णा. तेव्हा तुम्ही उभे होतात.’

 अण्णांनी उठायला हात पुढं केला. छायानं तो धरला नाही.

‘जरा पडून राहा,’ ती म्हणाली. ‘साठ गोळ्यांना सव्वा तास लागतो.’