एकतीस दोन, वजा एक

ऐंशीच्या दशकात अंबरनाथला आमच्या घरी मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मावशीने बजावून ठेवलं होतं, आवड विचारली तर भरतकाम सांगायचं. मी शाळेत गणित शिकवायचे. लग्नानंतर माझं गणित वाणसामानापुरतं उरेल, या धास्तीने पोहे देतानाही माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. बदलापूरचा मुलगा, एमआयडीसीत इंजिनिअर. त्याने आवड विचारली आणि मी खरं ते सांगून टाकलं.

"एक संख्या. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस."

एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे आणि त्यातून एक वजा करायचा, मी समजावलं. ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. सावरून घ्यायला मावशी म्हणाली, मग एक वाढवून टाक की, शुभ होईल. आमच्याकडे आहेर असो की देणगी, वर एक लागतोच. पण इथे एक वाढवला तर सगळंच बिघडतं, निम्मं निम्मं करत थेट एकावर येऊन पोचतो. हेही मी सांगितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मुलगा मात्र पुढे सरकून बसला. भाग जात नाही कशावरून, त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळे आकडे तपासावे लागत नाहीत. भाग गेलाच तर बासष्टच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या एखाद्या मूळ संख्येनेच जाईल. तिथे मावशीचा वरचा एक कामी आला, याचं मला फार बरं वाटलं.

होकार-नकार मध्यस्थाकडून यायची रीत. पण पुढच्या रविवारी मुलगा स्वतःच दारात, हातात आकड्यांनी भरलेला कागद. तीनशे अकराने भाग गेला म्हणाला. मावशी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. हो म्हटलं असतं तर लग्न तिथेच ठरलं असतं, आणि मग जन्मभर हो म्हणत बसावं लागलं असतं.

"वरच्या वजाबाकीत हातचा विसरलात," मी म्हटलं. "खाली आणखी एक घोळ आहे."

त्याने पेन्सिल मागून घेतली, तिथेच बसून सगळं पुन्हा केलं. बाबा उगाच खाकरत होते.

"पस्तीस उरले," तो म्हणाला. "तुमचं बरोबर. पुढचे मिळून करायचे का?"

बाबांनी तेव्हा पहिल्यांदाच मला विचारलं, तुझं काय म्हणणं. मला फार आनंद झाला. आत जाऊन मी दुसऱ्या पेन्सिलीला टोक काढून आणलं.

पुढचे आकडे बदलापुरात, लग्नानंतरच्या रविवारी दुपारी, चहा गार करत तपासले. चुका दोघांच्याही निघाल्या.